दगडोबाची साक्ष

१४ नोव्हेंबर १९३७, रविवार

जागा मिळाली! उपासना संपता संपता तातेराव पाटलाचा कागद आला — आम्ही उपासनेला बसतो त्या छपराची जागा आणि पुढचं अंगण, मंडळीच्या नावानं. इतकी वर्षं त्याच्या मर्जीवर काढली. कधी म्हणे कडबा रचायचाय, कधी म्हणे बैल बांधायचेत, आणि आम्ही ऐन रविवारी चटया गुंडाळून बाहेर. आता कुणी उठवणार नाही.

कागद आणला दगडोबानं. या गावातला पहिला बाप्तिस्मा त्याचा. मला इथं पाळक म्हणून आणणाराही तोच, आणि आज जागाही त्यानंच मिळवली. बायांनी गाणं धरलं. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. तो मात्र मागं कुडाला टेकून बसून राहिला. पाटलाला कसं वळवलंस, विचारलं. म्हणाला, देवानं बुद्धी दिली त्याला.

माझ्या अंगात अजून त्राण नाही. हिवतापानं या खेपेला पार पिळून काढलं. तरी प्रवचन उभ्यानंच केलं.

१८ नोव्हेंबर

छपराला नवा कूड घालायचं ठरतंय. रामकिशन म्हणतो, कूड कशाला, विटांचंच करू. तो आणि दगडोबा, मंडळीचा कारभार बघणारे दोन्ही वडील, हातभर काठीनं अंगण मापत होते. लोकांना हुरूप आहे. मला नुसती झोप येते.

२० नोव्हेंबर, शनिवार

तांड्यावरची जिवनबाई आली. थावराची बायको. पाटलाची बैलजोडी चोरली म्हणून थावराला पोलिसांच्या अमीनानं हिंगोलीला नेऊन हवालातीत घातलंय. हे तापात कानावर आलं होतं. पुढं चौकशी केली नव्हती.

आत ये म्हटलं, आली नाही. उंबऱ्याबाहेर बसली. म्हणाली, थावराला बैल हाकलताना पाहिलं असं सांगणारा गावात एकच माणूस हाय — तुमचा दगडोबा. थावरा तर त्या राती घरीच होता, म्हैस अडली होती. पण तांड्याच्या माणसाचं कोण ऐकतं? वढ्याकाठचं आमचं रान पाटलाच्या डोळ्यात हाय, म्हणाली.

कोणती रात, मी विचारलं.

“गोरेगावच्या बाजाराच्या आदली रात, पाद्रीबाबा.”

ती गेल्यावर मनात दिवस मोजले. बाजाराच्या आदल्या रात्री दगडोबा माझ्या उशाशी होता. रात्रभर कपाळावर ओल्या घड्या ठेवत होता. उजाडल्यावर इथूनच बाजाराला गेला, माझ्यासाठी तापावरचं कोयनेल आणायला. ताप डोक्यात चढला होता, पण एवढं बराबर आठवतं. त्याचा हात आठवतो.

आणि आता पाटलाचा कागद माझ्या पेटीत आहे.

२१ नोव्हेंबर, रविवार

प्रवचन केलं. काय बोललो ठाऊक नाही. त्याच्याकडे बघवलं नाही.

२३ नोव्हेंबर

शास्त्रात रीत सांगितली आहे — भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जा, त्याच्याशीच बोल. गेलो. दगडोबा पाटलाच्या रानात कापूस वेचत होता. मला बघून हातातला कापूस ओच्यात टाकला आणि बांधावर येऊन बसला. मी का आलो ते त्याला कळलं होतं.

नाकारलं नाही त्यानं. पाटलानं बोलावून सांगितलं होतं — थावराला पाहिलं म्हण, जागा मंडळीच्या नावानं करतो. नाही म्हणशील तर सगळे उठा. छप्पर उठेल, माझ्या विहिरीचं पाणी बंद, माझ्या रानातलं कामही बंद.

“माझ्यासाठी काय मागितलं न्हाई मास्तर. लेकरायची शपथ. सगळं मंडळीसाठी केलं.”

मी म्हटलं, थावरा आत आहे.

“थावरा आज आत, उद्या बाहीर. त्यायला सवय असती. आपली लेकरं कुठं जातील?”

मग हळूच म्हणाला, तुमीच सांगत व्हता की, देवाचं घर पक्कं पायजे.

सांगत होतो खरंच. दर पावसाळ्यात सांगत होतो. एवढंच म्हटलं की अमीनाकडे जा आणि सांगितलेलं परत घे. तो उठून कापसात गेला. पाठ वाकलेली. माझ्याहून वयानं लहान आहे, पण आज म्हातारा दिसला.

२५ नोव्हेंबर, हिंगोली

मीच आलो. गाडीनं हाडं खिळखिळी झाली.

अमीन सभ्य माणूस. खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं — ताप केवढा होता? बडबडत होतात का? औषध घेतलं होतं? बुखारात माणसाला मेलेले नातेवाईकही दिसतात पादरीसाहेब, म्हणाला, आणि हसला. कागदावर एक अक्षर उतरवलं नाही. वर म्हणाला, तुमचाच माणूस गवाह आहे, त्यालाच कोर्टात मुन्सिफापुढं हलफ घेऊन, शपथेवर बोलू द्या. तारीख लागेल तेव्हा लागेल.

थावराला गजाआडून पाहिलं. मला ओळखत होता. पाळक माझ्यासाठी आलाय असं त्याच्या मनातही आलं नसावं. म्हैस वाचली का, एवढंच त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, रविवार

दगडोबा नेहमीच्या जागी, पुढं. मी प्रार्थना केली. तो आमेन म्हणाला.

२ डिसेंबर

एकट्याचं ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा. रामकिशन आणि सखुबाईला घेऊन गेलो. सखुबाई सगळ्यांत म्हातारी, मंडळीतल्या निम्म्या लेकरांची सुईण तीच.

दगडोबाच्या अंगणात बसलो. त्याची बायको सुमनबाई चुलीपाशी होती, तिनं पाणी दिलं, बोलली नाही. मी सगळं मांडलं. दगडोबा मान खाली घालून ऐकत होता — आणि उठला तो रामकिशनच माझ्यावर! म्हणाला, थावरा आपला कोण लागतो? उद्या पाटलानं विहीर बंद केली तर तुमी पाणी आणणार का? दगडोबानं एकट्यानं पाप डोक्यावर घेतलं अन्‌ सगळ्यायला सावली केली, त्याचा गुन्हा काय?

परत येताना सखुबाई माझ्यामागून चालत होती. वळणापाशी थांबली.

“मास्तर, पुढं काय करणार?”

मंडळीपुढं सांगणार, म्हटलं. नाहीच ऐकलं तर त्याला प्रभुभोजनाला, मंडळीच्या भाकरी-प्याल्याला, बसू देणार नाही.

“म्हंजी भाईर ठिवणार.” मग जराशानं म्हणाली, “आमी जलमभर गावाच्या भाईर राहिलो. येशूच्या घरी तरी तसं न्हाई म्हणून आलो. आता तुमी बी?”

शास्त्रातली ओळ — मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज — मला तोंडपाठ आहे. पण ती ज्या कानावर पडते तो कान काय काय ऐकत आलाय! गावानं ज्यांना बाहेर ठेवलं त्यांना परत यायची वाट नव्हती, दगडोबाला वाट आहे — असं काहीतरी बोललो. ती ऐकून घेऊन घरी गेली. माझं मलाच पोकळ वाटलं.

५ डिसेंबर, रविवार

सांगितलं. सगळ्यांसमोर, दगडोबा पुढं बसलेला असताना.

एकदम सगळे बोलू लागले. जागा जाईल. पाणी जाईल. काम जाईल. शेवटी मी विचारलं, खोटी साक्ष देऊन मिळालेल्या जागेवर बसून खोटी साक्ष देऊ नका हे मी कसं शिकवू? लेकरांना काय सांगू? मागून कुणीतरी म्हणालं, मग ते शिकवू नका. दुसरं कायबी शिकवा. कोण ते पाहिलं नाही.

दगडोबाला विचारलं, मुन्सिफापुढं खरं सांगशील का. तो उठला, दाराशी गेला, मग परत वळून मंडळीकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल कुणीतरी त्याच्या वतीनं ठरवून टाकील. कुणी काही ठरवलं नाही. निघून गेला.

मी म्हटलं, त्याला आता भोजनाला बसता येणार नाही, आणि मलाही या छपराखाली वचन उघडता येणार नाही. रविवारी माझ्या ओसरीवर बसेन. ज्याला यायचं त्यानं यावं.

कागद रामकिशनच्या हातात दिला. दोन्ही हातांनी घेतला त्यानं.

७ डिसेंबर

वचनाला धरून आहे की माझ्या हट्टाला? ताप असता तर तापावर ढकललं असतं.

१२ डिसेंबर, रविवार

ओसरीवर कुणी नाही. छपरातून डफ ऐकू येत होता. रामकिशनचा आवाज चांगला आहे. मी एकटाच अध्याय मोठ्यानं वाचला, कोंबड्या फिरत होत्या.

१९ डिसेंबर, रविवार

सुमनबाई आली!

डोक्यावरून पदर घेऊन ओसरीच्या कडेला बसली. मी वाचलं, प्रार्थना केली. गाणं दोघांनी म्हटलं, तिचा सूर लागत नव्हता. जाताना सांगितलं, त्या राती मालक तुमच्याकडं व्हते. मीच घड्यायसाठी जुनं धडूतं देलं व्हतं. दोन माणसांत मला बोलता आलं न्हाई.

तो तुला ओरडेल, म्हटलं. ती म्हणाली, “ते बोलत न्हाईत आता कुणाशी. भाकर बी पुरी खात न्हाईत.”

२५ डिसेंबर

नाताळ. छपरात झेंडूच्या माळा, डफ, गूळभात. शेजारच्या गावातून पाहुणे आले. मंडळी वाढली म्हणायची.

ओसरीवर आम्ही तिघं — सुमनबाई, मी, आणि आज सखुबाई. काठी टेकत आली. कशी आलीस विचारलं तर म्हणाली, मी जिवनबाईच्या म्हशीला पाहायला तांड्यावर गेले व्हते, त्या राती ती खरंच अडली व्हती. बस, एवढंच.

भोजन ठेवलं नाही. दगडोबाला बाहेर ठेवून कसं ठेवणार? सखुबाईलाही ते पटलेलं दिसलं.

९ जानेवारी १९३८, रविवार

तिघंच. दोघं-तिघं पुरे आहेत असं शास्त्र म्हणतं. दोघं-तिघंच उरले की मन कसं खचतं, ते सांगत नाही.

१३ जानेवारी

मिशनचे साहेब मोटारीनं आले. छप्पर पाहिलं, गर्दी पाहिली, जागेचा कागद पाहिला — खूश झाले. मग माझ्या ओसरीवर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी मांडीवर ठेवून ऐकलं, मधे मान हलवली. काम वाढतंय मास्तर, म्हणाले, कोवळं रोप उपटून मूळ बघू नये. दगडोबाचं चुकलं, पण त्याला वेळ द्या.

थावराला कोण वेळ देतं, मी विचारलं.

साहेब वाईट माणूस नाहीत. निघताना म्हणाले, तुमची प्रकृती बरी नाही, ईस्टरनंतर तुमची बदली करतो. इथं रामकिशनवर सोपवू.

नाही म्हणालो नाही. खरं म्हणजे बरंच वाटलं.

२३ जानेवारी, रविवार

थावराची तारीख लागली होती, पुढं ढकलली. जिवनबाई पायी हिंगोलीला जाऊन पायी आली. परत जाताना माझ्या दारावरून गेली. थांबली नाही.

६ फेब्रुवारी, रविवार

दगडोबा दिसला. छपरात नाही, इथंही नाही — दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर, बाभळीखाली. छपराकडून गाणं येत होतं आणि इकडून माझं वाचन. मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं. मग लाज वाटली आणि नेहमीच्या आवाजात वाचलं. संपल्यावर पाहिलं तर गेला होता.

सुमनबाईला विचारलं, काही बोलतो का? म्हणाली, काल पाटील घरी आलते. तारखेला काय बोलायचं ते घोकून घेतलं त्यायच्याकडून, लेकराकडून पाढे घोकून घ्यावे तसं. मालक बराबर म्हणून दाखवत व्हते.

म्हणजे ठरलंय. माणूस एकदा खोटं बोलतो तेव्हा घाबरलेला असतो. पाठ केलं की मग भीतीही राहत नाही.

१७ फेब्रुवारी

सोमवारी तारीख. मी जाणार. मुन्सिफ मला उभं करो न करो, दारात उभा राहून ओरडून सांगेन. गाडी ठरवली.

दुपारपासून थंडी वाजतेय.

२० फेब्रुवारी, रविवार

ताप. लिहिता येत नाही. दोघी आल्या होत्या, माझ्या खाटेपाशीच त्यांनी गाणं म्हटलं. उठायला गेलो, पडलो. सखुबाईनं गाडी परत पाठवली. मी रडलो बहुतेक.

२१ फेब्रुवारी, सोमवार

सुमनबाई सांगून गेली — पाटलाच्या गाडीत, पाटलाशेजारी बसवून नेलं त्याला. नवं धोतर दिलंय. तिच्याकडे त्यानं वळून पाहिलं नाही.

संपलं. तीन महिने आणि काय उरलं? थावरा जाणार, छप्पर राहणार, मी जाणार. मंडळीनं शास्त्राप्रमाणं चालावं म्हणून एकाला बाहेर काढलं, आणि आता सगळी मंडळी तिकडे आणि इकडे एक आजारी माणूस. सखुबाई म्हणत होती तेच खरं असेल. बाहेर ठेवल्यानं कोण आत येतं?

२२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी धाडधाड आवाजानं जाग आली. पाटलाची माणसं छप्पर पाडत होती. रामकिशन हातात तो कागद धरून, मागं सगळी मंडळी रस्त्यावर उभी, लेकरं कडेवर.

मग दारात थावरा आला. दाढी वाढलेली, हिंगोलीहून चालत. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, तुमचा दगडोबा मुन्सिफापुढं म्हणला, म्या थावराला पाहिलं न्हाई, म्या मास्तरच्या उशाशी व्हतो. पाटील उठून गेला. दुसरा गवाह न्हवता. मला सोडलं अन्‌ त्याला धरलं, अमीनाला खोटं सांगितलं म्हणून.

आत ये, म्हटलं. आत आला. पाणी प्याला.

“निरोप देल्लाय त्यानं. म्हणला, मास्तरला सांग, आता मला मंडळीत धरा.”